कानांनी वाचायची मराठी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी फराळाला दहा-बारा मंडळी जमली होती. पूर्वी अशा बैठकीत चकली कुणाची खुसखुशीत झाली, यंदा उसाला दर काय मिळणार, पंचगंगेचे पाणी कुठवर आले होते, असल्या विषयांवर गप्पा रंगत. आता या सर्वांना मागे सारून एक नवाच पाहुणा प्रत्येक बैठकीत मानाने येऊन बसतो. तो म्हणजे मोबाईल!

"मेला तो ओटीपी!" शेजारच्या काकूंनी तोंड फोडले. "चष्मा सापडेपर्यंत त्याची वेळ संपते. दुसरा मागवावा तर तोवर पहिलाच येऊन बसतो."

"आणि अक्षरं पाहिलीत का?" बँकेतून निवृत्त झालेले अण्णा म्हणाले. "पांढऱ्यावर फिकट राखाडी. काळी शाई महाग झाली आहे का हो?"

माझ्या पुतण्याची तक्रार वेगळीच होती. रात्री झोपताना ज्या जागी असलेले बटण सकाळी उठून पाहावे तर त्या जागी नसते. सुधारणा या नावाखाली कुणीतरी घरातली भांडी रोज उठून दुसऱ्या फळीवर मांडून ठेवावीत, तसा हा प्रकार आहे, असे त्याचे म्हणणे. परंतु बाजी मारली ती आमच्या दूधवाल्या तात्यांनी. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "सर, ह्या मोबाईलवर कुठंबी जावा, आदी म्हनतंय, 'तुमी मानूस हाय ते सिद्ध करा.' पन्नास वर्सं म्हशी राखल्या, एका म्हशीनं कधी आसं इचारलं न्हाई!"

हशा ओसरल्यावर मीही माझे गाऱ्हाणे मांडले. एका समारंभाच्या निमंत्रणाचा मजकूर मी मोबाईलवर लिहिला होता. लिहायचे होते, 'ज्येष्ठ आचार्यांचा सत्कार'. मोबाईलने आपल्या शहाणपणाने शब्द सुचवला, मी घाईने बोट टेकवले आणि निमंत्रण गेले, 'ज्येष्ठ आचाऱ्यांचा सत्कार'! वर गेलेला रफार आणि शेजारी बसलेला आडवा र, एवढाच काय तो फरक. पण त्याने एका विद्वान गृहस्थांच्या हाती झारा दिला. सत्कारमूर्तींनी ते हसण्यावारी नेले, हा त्यांचा मोठेपणा.

वाचकहो, अशा तक्रारी आपणा सर्वांच्याच आहेत. आपण चिडतो, हसतो आणि पुढे जातो. परंतु ज्या ठिकाणी आपल्याला केवळ ठेच लागते त्याच ठिकाणी दुसऱ्या कुणाची वाटच बंद होत असेल, ही गोष्ट माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. ती आणून दिली माझ्या एका विद्यार्थिनीने. आणि लाज वाटते ती अशी, की तिच्या वाटेवरचा पहिला धोंडा मी स्वतःच ठेवला होता.

"तुमच्या नोट्स बोलत नाहीत"

ही मुलगी भुदरगड तालुक्यातल्या एका खेड्यातून आमच्या महाविद्यालयात बी. ए.च्या वर्गात आली. तिला जन्मापासून दिसत नाही. वर्गात ती पहिल्या बाकावर बसे आणि मान किंचित तिरपी करून ऐके. मी तिच्यासाठी काहीतरी करीत आहे याचे मला मोठे समाधान होते. माझ्या वीस वर्षांच्या नोट्स संगणकावर आहेत. मराठी व्याकरण, संतसाहित्य, वाङ्मयेतिहास असे सारे नीट टाइप केलेले. त्या सगळ्या मी तिच्या मोबाईलवर पाठवल्या आणि म्हटले, "आता कुणाची मिनतवारी करायला नको. तुझा मोबाईल वाचून दाखवतो ना? मग ऐक निवांत."

आठवड्याने ती स्टाफरूमच्या दाराशी आली. "सर, रागावणार नसाल तर सांगते. तुमच्या नोट्स बोलत नाहीत."

"बोलत नाहीत म्हणजे? तुझ्या मोबाईलमध्येच काही बिघाड असेल."

तिने वाद घातला नाही. मोबाईल पुढे धरला आणि बोट टेकवले. माझा संतसाहित्यावरचा लेख सुरू झाला. त्यातून जे बाहेर पडले ते मराठी नव्हते, इंग्रजीही नव्हते. एखादे मूल इंग्रजी मुळाक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांच्यावर एका दमात धावत सुटावे, तसा तो आवाज होता. स्टाफरूममधले सहकारी माना वर करून पाहू लागले. पडद्यावर मात्र माझी सुबक, ठसठशीत देवनागरी तशीच झळकत होती!

बाकी नोट्सची गत याहून वाईट. त्या मी छापील पानांचे फोटो काढून पाठवल्या होत्या. त्यांवर बोट ठेवले की मोबाईल एकच शब्द बोले, "फोटो". पुढचे पान, "फोटो". त्यापुढचे, पुन्हा "फोटो". चाळीस पानांचा मराठी वाङ्मयाचा इतिहास त्या एका शब्दात आटोपला होता.

बहुरूप्याचे अक्षर

हे असे का होते याचा मी शोध घेतला, तेव्हा एक साधी पण विलक्षण गोष्ट समजली. संगणकाला अक्षर ठाऊक नसते; त्याला ठाऊक असतो आकडा. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आणि त्या क्रमांकासमोर पडद्यावर काढायचे एक चित्र, असा सारा व्यवहार. संगणक प्रथम छापखान्यांत आले तेव्हा त्यांच्यात इंग्रजी अक्षरांसाठीच जागा राखलेल्या होत्या. मराठी छापायची तर करायचे काय? आपल्याकडच्या कारागिरांनी एक युक्ती काढली. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, त्याचे चित्र तेवढे देवनागरी काढायचे. आपल्या गावात पूर्वी बहुरूपी येत. पोलिसाचा पोशाख असे, शिट्टी असे, दरडावणेही असे. पण आत माणूस तोच. तसे हे अक्षर. वर पोशाख 'क'चा, आत इंग्रजी मुळाक्षर.

त्या कारागिरांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांचे लक्ष कागदावर होते आणि कागदावर ते सोंग अगदी बिनचूक वठत असे. त्या फॉन्टांवर हजारो पुस्तके, वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका निघाल्या. परंतु जो डोळ्यांनी पाहत नाही, त्याला पोशाख दिसत नाही. त्याचा मोबाईल थेट आतल्या माणसालाच हाक मारतो, आणि आतला माणूस इंग्रजीत उत्तर देतो.

यावरचा उपायही नवा नाही. जगातल्या सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा, कायमचा क्रमांक द्यावा, या विचारातून युनिकोड नावाची व्यवस्था निघाली. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तीत पहिल्यापासूनच देवनागरी आहे. देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत. त्यात 'क'चा क्रमांक २३२५ आणि आपल्या लाडक्या 'ळ'चा २३५५. जगातल्या कुठल्याही संगणकावर २३५५ म्हणजे ळ आणि ळच. म्हणजे ज्या वर्षी ही सोय झाली, त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी माझ्या नोट्स टाइप करायला घेतल्या आणि तरी बहुरूप्यालाच घरात घेतले! का? तर हात त्या फॉन्टला बसला होता म्हणून. दुसरे काही कारण नव्हते.

आणि यात नुकसान केवळ न पाहणाऱ्यांचेच होते असे नाही. अशा फॉन्टातला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. त्यात शब्द शोधू गेल्यास सापडत नाही. कारण यंत्राच्या लेखी तिथे मराठी शब्दच नसतो. उद्या तो फॉन्ट नाहीसा झाला, की त्यातले सारे लेखन कुलूप लागलेल्या पेटीसारखे होणार. किल्ली हरवलेली पेटी घरात असून नसल्यासारखीच.

विसर्ग ऐकणारी मुलगी

मी नोट्स पुन्हा करायचे ठरवले. जुन्या फॉन्टातून युनिकोडात मजकूर बदलून देणारी साधने आहेत. पण ती वापरली तरी जोडाक्षरे निखळतात, वेलांट्या जागा सोडतात. तेव्हा दर शनिवारी दुपारी आम्ही दोघे ग्रंथालयात बसू लागलो. तिथल्या संगणकावर पडदा वाचून दाखवणारी एक प्रणाली आम्ही बसवून घेतली होती. तिचे नाव एन.व्ही.डी.ए. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोघा ऑस्ट्रेलियन मित्रांनी तिचा पाया घातला. काम सुरू झाले २००६ साली. दोघेही स्वतः अंध. अशा प्रणाली त्याआधीही होत्या, पण त्यांची किंमत सामान्य माणसाला झेपणारी नव्हती. म्हणून या दोघांनी आपली प्रणाली सर्वांना फुकट दिली. तिच्यात मराठीही वाचता येते.

प्रथम ते वाचन ऐकून मी गोंधळलो. मुलगी ते इतक्या वेगाने लावी की मला केवळ मधमाश्यांची गुणगुण ऐकू येई. ती मात्र मधेच हात वर करी. "सर, इथं चूक आहे." मी डोळे फाडून पाही, मला चूक दिसत नसे.

"कुठे आहे चूक? 'दुःख' बरोबर लिहिले आहे."

"नाही सर. ते 'दु' म्हणून थांबतंय आणि मग नुसतं 'ख' म्हणतंय."

बारकाईने तपासले तेव्हा कळले, की मी विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे दोन ठिपके टंकले होते. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण यंत्राच्या दृष्टीने तिथे शब्द तुटला होता. पुढे असेच अनेक सापडले. कुठे अनुस्वाराऐवजी भलतेच चिन्ह, कुठे शून्याच्या जागी इंग्रजी ओ. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माझ्या डोळ्यांना जे दिसले नाही, ते तिच्या कानांनी टिपले. आमचे ते आचार्य आणि आचारीही तिने एका फटक्यात वेगळे केले. मुद्रितशोधनाचे काम इतक्या चोखपणे करणारा माणूस मी पाहिलेला नाही. एक मात्र तिची तक्रार कायम आहे. तो यांत्रिक आवाज 'चमचा' म्हणताना 'च' असा काही उच्चारतो, की तो मराठी घरात कधी जेवलाच नसावा!

"पासवर्डही तुम्हालाच सांगू?"

नोट्सचा प्रश्न सुटला. तो माझ्या हातातला होता. पुढचा प्रश्न हाताबाहेरचा निघाला. तिला एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. अर्ज अर्थातच संगणकावर. नाव, गाव, गुण हे सारे तिने स्वतः सरसर भरले. मग पडद्यावर एक वाकड्यातिकड्या अक्षरांची चौकट आली. ही अक्षरे ओळखा आणि आपण माणूस असल्याचे सिद्ध करा! तात्यांच्या म्हशींनी न विचारलेला तोच प्रश्न.

तात्यांना या प्रश्नाने हसू आले होते. या मुलीला त्याने दाराबाहेर उभे केले. माणूसपणाची खूण म्हणून यंत्राने तिच्याकडे नेमकी तीच गोष्ट मागितली, जी तिच्यापाशी नाही. ऐकून ओळखण्याची सोय त्या चौकटीत नव्हती. मी ती अक्षरे वाचून सांगितली. पुढच्या पानावर सगळी बटणे चित्रांची. त्यांना नावेच दिलेली नव्हती. मोबाईल नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत राहिला. तेही मी सांगितले. मग बँक खात्याची माहिती आली, मग पासवर्ड. तेव्हा ती थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, पासवर्डही तुम्हालाच सांगू?"

मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता असे नाही. परंतु बँकेचे आकडे, गुप्त शब्द, आजाराची कागदपत्रे, या गोष्टी प्रत्येक वेळी कुणा भल्या माणसापुढे उघड्या कराव्या लागाव्यात, आणि तो भला निघेल अशी आशा करीत बसावे, हे एका वीस वर्षांच्या बुद्धिमान मुलीने का सोसावे? आपण तिला मदत करतो म्हणून आपल्याला बरे वाटते. तिला हवी असते ती मदत नव्हे. मदतीची गरज न लागणे, हे तिला हवे असते.

ही केवळ माझी भावना नव्हे. देशाचा कायदाही हेच सांगतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, त्यात संगणकावरील माहिती व सेवा सर्वांना वापरता याव्यात असे बंधन आहे. हे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला. बँकेत खाते उघडण्यासारख्या कामांत ओळख पटवताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करावी लागते. ॲसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे होरपळलेल्यांनी, किंवा अंधांनी, ती कशी करावी, असा प्रश्न न्यायालयापुढे होता. न्यायालयाने सांगितले की, अशा सेवा वापरता येण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. आणि त्यासाठी वीस निर्देशही दिले. निकाल उत्तम आहे. तो प्रत्येक कचेरीच्या पडद्यापर्यंत कधी पोहोचतो, याकडे आता डोळे, आणि कानही, लागले आहेत.

"एवढ्याशा लोकांसाठी?"

ही हकिगत मी एकदा अण्णांना सांगितली. ते व्यवहारी गृहस्थ. म्हणाले, "सगळं खरं, पण एवढ्याशा लोकांसाठी सगळ्या जगानं का बदलायचं?"

प्रश्न वाटतो तितका निर्दय नाही. पुष्कळांच्या मनात तो असतो. त्याचे एक उत्तर आकड्यात आहे. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. दुसरे उत्तर खुद्द अण्णांच्या तक्रारीत आहे. फिकट राखाडी अक्षरे त्यांना वाचवत नाहीत, ओटीपीची वेळ काकूंना पुरत नाही. वेब सर्वांना वापरता यावे यासाठी जगभर मान्य झालेली मार्गदर्शक सूत्रे १९९९ सालापासून प्रसिद्ध आहेत आणि वेळोवेळी सुधारली गेली आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगात पुरेसा फरक असावा, माणसाला पुरेसा वेळ मिळावा, हे त्यांत स्वच्छ सांगितले आहे. म्हणजे या मुलीसाठी जे नियम झाले, त्यांच्याच पोटात अण्णांचा चष्मा आणि काकूंचा ओटीपी आहे!

तिसरे उत्तर इतिहासात सापडते. इटलीतील पेल्लेग्रिनो तुर्री या गृहस्थाने आपल्या एका अंध सरदारकन्येसाठी लिहिण्याचे यंत्र बनवले. तिला आपली पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घ्यावी लागू नयेत, एवढाच हेतू. त्या यंत्रावर तिने १८०८ च्या सुमारास लिहिलेली पत्रे आजही जतन केलेली आहेत. टंकलेखन यंत्राच्या पूर्वजांत या यंत्राची गणना होते. एका स्त्रीच्या खासगी पत्रांसाठी काढलेली ती वाट पुढे किती रुंद झाली, हे सांगायला नको.

आणि दूर इटलीला तरी कशाला जावे? आपल्या करवीरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळेचे दार त्याआधी बंद होते असे नव्हे. परंतु ज्याला आत येताच येत नाही, त्याच्या लेखी उघडे दार आणि बंद दार सारखेच, हे त्या राजाने ओळखले होते. आज शाळा, बँक, दवाखाना आणि कचेरी या सर्वांचे दार मोबाईलच्या पडद्यावर आले आहे. त्या दाराचा उंबरठा किती उंच ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे.

अण्णा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझा डावा डोळा काचबिंदूनं अधू होत चाललाय. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं. त्या पोरीला विचाराल का, ते बोलणारं मोबाईलवर कसं सुरू करतात?"

आपल्या हातातले

कचेऱ्यांचे पडदे सुधारायला वेळ लागेल. पण काही गोष्टी घरबसल्या आपल्या हातात आहेत. मराठी युनिकोडातच लिहावी. मोबाईलवर आपण लिहितो ती सहसा तशीच असते, जपायचे ते संगणकावर. सोसायटीची, शाळेची, मंडळाची सूचना फोटो काढून पाठवण्याऐवजी टंकून पाठवावी. फोटो पाठवायचाच झाला तर खाली दोन ओळींत त्यात काय आहे ते लिहावे. विसर्गाला विसर्ग द्यावा, ठिपके नव्हे. कागद यंत्रातून उतरवून पीडीएफ केला तर तो मजकूर म्हणून निवडता येतो का ते पाहावे. येत नसेल तर तो फोटोच समजावा. आणि आपल्या ओळखीत कुणी संकेतस्थळे किंवा ॲप तयार करणारा मुलगा-मुलगी असेल, आता कोणत्या घरात नसते?, तर त्याला एवढेच सांगावे की, बाबा रे, काम पुरे झाल्यावर एकदा डोळे मिटून ते वापरून पाहा.

दिवाळीत आपल्या मोबाईलवर शुभेच्छांचा पाऊस पडतो. पणत्या, कंदील, लक्ष्मीची पावले; एकाहून एक सुंदर चित्रे. मागच्या वर्षी त्या मुलीला मी विचारले, "तुला किती शुभेच्छा आल्या?" ती हसून म्हणाली, "सर, मोजल्या नाहीत. पहाटेपासून 'फोटो, फोटो, फोटो' चाललंय."

यंदा मी चित्र पाठवणार नाही. परवाच बसून चार ओळींचे शुभेच्छापत्र टंकले आणि आधी तिलाच पाठवून पाहिले. दोन मिनिटांत उत्तर आले.

"सर, पोचलं. पूर्ण ऐकलं. छान आहे. तिसऱ्या ओळीत 'अंतःकरण'मधला विसर्ग तेवढा दुरुस्त करा, मग सगळ्यांना पाठवा."